आफ्रिका मस्ट बी फ्री बाय १९८३

जमैकाचा गायक ह्यू मंडेल (१९६२–१९८३) याचा रूट्स रेगे, म्हणजे जमैकाच्या रेगे संगीतातल्या श्रद्धा आणि अन्यायाविषयी बोलणाऱ्या शैलीतला पहिला अल्बम. तो १९७८ मध्ये मेसेज या लेबलवर निघाला. निर्माता ऑगस्टस पाब्लो. आठ गाण्यांची ही रेकॉर्ड आली तेव्हा मंडेल जेमतेम सोळा वर्षांचा होता. त्यातली काही गाणी तर त्याआधीच सिंगल म्हणून निघाली होती.

पूर्व किंग्स्टनमध्ये एका वकिलाच्या घरी जन्मलेल्या या मुलाने अल्बमच्या नावातच मुदत घालून दिली : १९८३ पर्यंत आफ्रिका मुक्त झालीच पाहिजे. त्या वेळी ऱ्होडेशियात मूठभर गोऱ्यांचे सरकार होते, दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट होती आणि नामिबिया तिच्याच ताब्यात होता. जमैकातल्या रास्ताफारी पंथीयांना हे परक्या मुलखातले राजकारण वाटत नसे. जहाजांत कोंबून आणलेल्या गुलामांचे ते वंशज. काळ्या लोकांनी आफ्रिकेकडे परतावे असे सांगणारा जमैकाचा नेता मार्कस गार्वी, त्याच्या विचारांवर वाढलेल्या त्यांच्या पंथाला आफ्रिका म्हणजे परतायचे घर वाटे. ऱ्होडेशियाचा झिम्बाब्वे १९८० मध्येच झाला, म्हणजे मंडेलच्या मुदतीच्या आत. नामिबियाला मात्र १९९० पर्यंत थांबावे लागले आणि दक्षिण आफ्रिकेला १९९४ पर्यंत.

अल्बमचे खरे बळ मंडेलच्या आवाजात आहे. तो पातळ, उंच, नुकता फुटू पाहणारा आवाज आहे. न्यायाचा दिवस, क्रांती, काळ्या माणसांनी आपसात का भांडावे, हे विषय जाणत्या गायकाने घेतले असते तर प्रवचन झाले असते. इथे ते एका मुलाचे थेट विचारणे वाटते, आणि म्हणूनच टाळता येत नाही.

त्या कोवळ्या आवाजाखाली वाद्यमेळ भारदस्त आहे. रूट्स रेगेत चाल बेस गिटार पेलते; गिटार आणि कीबोर्ड मधल्या, सुट्या जागी छोटे फटके देतात. ‘वन ड्रॉप’ या ठेक्यात चारपैकी पहिली मात्रा ड्रमवादक रिकामी सोडतो आणि जोर तिसरीवर देतो. समेची सवय असलेला कान सुरुवातीला चकतो, मग त्या रिकाम्या जागेचीच वाट पाहू लागतो. पाब्लोची ख्याती मेलोडिकासाठी होती. मेलोडिका म्हणजे फुंकून वाजवायची चिमुकली पेटीच. तिच्याही आत धातूच्या पात्या थरथरतात. मायनर सुरांत रेंगाळणाऱ्या त्याच्या उदास शैलीला ‘फार ईस्ट’ म्हणत. या अल्बमवरही तिची गडद छाया आहे.

१९७९ मध्ये याच गाण्यांची डब आवृत्ती निघाली. डबमध्ये मूळ ध्वनिमुद्रणातला गायकाचा आवाज बराचसा काढून घेतात, ड्रम आणि बेस उघडे ठेवतात, उरलेले सूर प्रतिध्वनीत विरघळवतात. पुढे मूळ अल्बम आणि डब एकाच सीडीवर आले. दोन्ही लागोपाठ ऐकावेत : मुलगा निघून गेल्यावर मागे घर कसे घुमते, ते कळते.

मंडेल ‘जाह लेव्ही’ या नावाने डीजे म्हणूनही बोले; जमैकात डीजे म्हणजे वाजत्या ठेक्यावर तालात बोलणारा. आपल्याहून लहान ज्युनियर रीडचे सुरुवातीचे ध्वनिमुद्रण त्यानेच केले. हा रीड पुढे ब्लॅक उहुरू या गटाचा गायक झाला. ऑक्टोबर १९८३ मध्ये किंग्स्टनमध्ये एका भांडणातून मंडेलवर गोळी झाडली गेली. तेव्हा रीड त्याच्याच गाडीत बसलेला होता. मंडेलचे वय एकवीस होते.