लाइव्ह रेकॉर्डिंगमधील कर्कश उच्च वारंवारतांचे शमन

प्रत्यक्ष कार्यक्रमात मुद्रित झालेल्या संगीतातील कानाला टोचणाऱ्या उच्च वारंवारता शोधून, बाकीच्या आवाजाची चमक शाबूत ठेवत त्या आटोक्यात आणण्याची प्रक्रिया. टोचरेपणा बहुतेकदा २ ते ५ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात असतो. गायनातील ‘स’, ‘श’ यांचा फुत्कार त्याच्या वर, साधारण ५ ते ९ किलोहर्ट्‌झमध्ये सापडतो.

माणसाची कर्णनलिका सुमारे अडीच सेंटीमीटर लांब असते आणि ३ किलोहर्ट्‌झच्या आसपास ती स्वतःच अनुनादते, म्हणजे तिथला आवाज वाढवते. त्यामुळे या पट्ट्यातला थोडासा अतिरेकही लगेच खुपतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समप्रबलता वक्रांतही (कोणती वारंवारता किती जोरात वाजली की सारखीच मोठी वाटते हे दाखवणाऱ्या आलेखांतही) कानाची हीच संवेदनशीलता दिसते.

सभागृहात बसलेल्या श्रोत्याला मात्र तेच वादन क्वचितच इतके बोचते. १० किलोहर्ट्‌झचा ध्वनी हवेतून जाताना दर १० मीटरमागे साधारण दीड डेसिबल क्षीण होतो (आर्द्रतेनुसार हा आकडा बदलतो). शिवाय श्रोत्यांचे कपडे आणि खुर्च्यांची गादी वरच्या वारंवारता शोषून घेतात. माइक असतो गायकाच्या ओठांपासून काही सेंटीमीटरवर. गायनासाठीच्या पुष्कळ माइकांत शब्द स्पष्ट यावेत म्हणून वरच्या मध्य पट्ट्याला मुद्दाम उठाव दिलेला असतो. त्याच माइकमध्ये मागच्या ड्रमसेटच्या सिंबलही शिरतात. म्हणजे मुद्रणात जे येते, ते सभागृहातल्या कुठल्याच खुर्चीवर ऐकू आलेले नसते.

खरा इलाज कार्यक्रमाआधीच होतो. माइक तोंडाच्या सरळ रेषेत न ठेवता थोडा तिरका धरला की फुत्कार बराच उतरतो. सिंबल माइकच्या सर्वात कमी संवेदनशील बाजूला येतील अशी मांडणी केली, तर पुढचे अर्धे काम वाचते. वरच्या वारंवारता मुळातच मऊ टिपणारा रिबन माइकही उपयोगी पडतो. मात्र तो पुढून आणि मागून सारखाच ऐकतो, त्यामुळे गजबजलेल्या मंचावर जपून वापरावा लागतो.

मुद्रणानंतर आधी क्लिपिंग तपासावे. पातळी मर्यादेबाहेर गेली की तरंगाचे माथे कापले जातात आणि मूळ आवाजात नसलेले हार्मोनिक (स्वराच्या वारंवारतेच्या पटीतले वरचे ध्वनी) तयार होतात. ते स्वराबरोबर सरकत राहतात, त्यामुळे निवडलेल्या वारंवारता उचलणाऱ्या किंवा दाबणाऱ्या इक्वलायझरने एक जागा दाबून भागत नाही. असे मुद्रण प्रथम, कापलेले माथे अंदाजाने पुन्हा भरणाऱ्या डी-क्लिपरमधून काढावे लागते.

मग अनुनादाचा शोध. इक्वलायझरचा एक अरुंद पट्टा ८-१० डेसिबल उचलून २ ते ८ किलोहर्ट्‌झमध्ये सावकाश फिरवतात. जिथे आवाज शिट्टीसारखा अंगावर येतो, ती जागा संशयित. इथे घाई करू नये, कारण इतका उचललेला कुठलाही पट्टा वाईटच वाटतो. उठाव काढून, त्याच जागी २-३ डेसिबल घट देऊन, दोन्ही रूपे सारख्याच प्रबलतेवर पुन्हा ऐकली की खरे-खोटे कळते.

कर्कशपणा सहसा क्षणिक असतो: तार सप्तकातली एखादी जोरकस तान, सिंबलवरचा एखादा घाव. त्यासाठी संपूर्ण मुद्रणाचा ट्रेबल उतरवणे हा सर्वात सोपा आणि सर्वात नुकसानकारक मार्ग आहे. तंतुवाद्याची झणक आणि सभागृहाचा मोकळेपणा त्यातच जातो. पट्ट्यातली पातळी ठरावीक मर्यादा ओलांडेल तेवढ्यापुरताच दाबणारा डायनॅमिक इक्वलायझर इथे योग्य ठरतो. गायनापुरते हेच काम डी-एसर करतो; तो जास्त झाला तर गायक बोबडा वाटू लागतो.

प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक नसेल, फक्त स्टिरिओ मुद्रण हाती असेल, तर मिड-साइड प्रक्रिया, म्हणजे मध्यभाग आणि कडा वेगळ्या करून हाताळणे, कामी येते. गायन बहुधा मध्यभागी असते; तेवढ्याच भागाला हात लावला तर कडेच्या वाद्यांना धक्का लागत नाही. टाळ्यांना मात्र स्वतंत्र वागणूक हवी. त्यांत वरच्या वारंवारता भरपूर असतात आणि गाण्यासाठी लावलेला डायनॅमिक इक्वलायझर त्यांच्यावर विनाकारण धावून जातो. म्हणून गाणे संपताच ऑटोमेशनने (ठरवलेल्या क्षणी आपोआप होणाऱ्या बदलाने) तो बंद करून टाळ्यांची पातळीच थोडी खाली आणतात.

सलग मोठ्या आवाजात ऐकून कान थकले की वरच्या पट्ट्याचा अंदाज चुकतो आणि गरजेपेक्षा जास्त किंवा कमी कापले जाते. त्यामुळे मध्यम प्रबलतेवर, अधूनमधून थांबून काम करतात आणि निकाल स्पीकर व हेडफोन या दोन्हींवर तपासतात. मूळ फाइल मात्र प्रक्रिया न करता वेगळी जपून ठेवली जाते.