प्रवाह वेगळा, वाऱ्याचा रेटा वेगळा

मलेशिया एअरलाइन्सच्या बेपत्ता विमानाचा, एमएच३७० चा, विषय निघाला की कोणीतरी हिंद महासागराचा नकाशा पुढे करतं, त्यावर एक जाड लाल बाण काढतं आणि ठोकून देतं: प्रवाहानं विमानाचा तुकडा मादागास्करजवळच्या रीयुनियन बेटावर आणला, बाण उलटा फिरवा, विमान सापडेल. हे वाचून वाचून डोकं उठलंय.

प्रवाह सगळ्यांना ठाऊक आहे. दक्षिण हिंद महासागरात पाणी घड्याळाच्या उलट फिरतं, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला उत्तरेकडे वळतं आणि मग आफ्रिकेकडे जातं. एवढं पुरे.

घोळ पुढे आहे. तरंगती वस्तू पाण्याबरोबर जाते, पण फक्त पाण्याबरोबर जात नाही. तिचा जो भाग वर उघडा असतो त्याला वारा ढकलतो, लाटाही रेटतात. शास्त्रज्ञ प्रवाह मोजायला समुद्रात बोये, म्हणजे तरंगती यंत्रं, सोडतात, त्यांच्याखाली सुमारे १५ मीटरवर भोकांचा कापडी नळा लोंबत असतो. नळा शाबूत असेपर्यंत बोया प्रवाहाचं ऐकतो. तो तुटला की त्याच बोयावर वाऱ्याची सत्ता वाढते. विमानाच्या तुकड्यांसाठी मी नळा तुटलेल्या बोयांवरच जास्त भरवसा ठेवीन.

२९ जुलै २०१५ ला रीयुनियनवर सापडला तो फ्लॅपरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेनं आधी त्याच्या प्रतिकृती तरंगवून पाहिल्या. मग बोइंग ७७७ चा खराखुरा फ्लॅपरॉन मिळवला, सापडलेल्या तुकड्यासारखा कापला आणि टास्मानियाजवळ समुद्रात सोडला. तो प्रतिकृतींपेक्षा वेगानं गेला, आणि सरळ वाऱ्यामागे न जाता सुमारे २० अंश डावीकडे सरकत गेला.

हा फरक किरकोळ नाही. सेकंदाला फक्त १० सेंटीमीटर जादा वेग धरा. दिवसाला साडेआठ किलोमीटर होतात. विमान ८ मार्च २०१४ ला गायब झालं; तेव्हापासून तुकडा सापडेपर्यंत ५०८ दिवस गेले. वारा एकाच दिशेनं राहिला असता तर चार हजार किलोमीटरांच्या वर चूक!

म्हणूनच एका तुकड्यावरून उलटं मोजणं मला पटत नाही. उलट्या वाटेवर चूक रोज फुगते. अनेक संभाव्य जागांवरून हजारो तुकडे संगणकात पुढे सोडावेत, आणि कुठून सोडलेले वेळेत रीयुनियनला पोचतात ते पाहावं. कुठे पोचत नाहीत, तेही तितकंच मोलाचं: पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर एकही तुकडा मिळाला नाही. हे दोन्ही जुळवूनच सीएसआयआरओनं ३५ अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास बोट ठेवलं.