फोम-फलक निवारा

फोम-फलक निवारा : उष्णतारोधक कठीण फोमचे तयार तक्ते कापून, त्यांच्या कडा चिकटपट्टीने किंवा गोंदाने सांधून, वेगळ्या सांगाड्याशिवाय उभारलेला हलका निवारा. भिंत, छप्पर, उष्णतारोध आणि भारवहन ही चारही कामे एकच फलक करतो, हे या प्रकाराचे मुख्य लक्षण. आपत्तीनंतरचा तात्पुरता आसरा, वाळवंटातील किंवा थंड प्रदेशातील मुक्काम, कामाच्या तळावरील खोली, ओढगाडीवरची (ट्रेलरवरची) झोपण्याची जागा अशा कामांसाठी तो वापरतात. सुटा फलक दुबळा असतो. निवाऱ्याला बळ येते ते सांधे, घडीची भूमिती आणि जमिनीशी केलेली बांधणी यांतून. आणि निवारा मोडतो तोही बहुधा याच तीन ठिकाणी.

उगम : या रचनेचे मूळ अमेरिकी रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांच्या भूमितीय घुमटात शोधण्याची प्रथा आहे. फुलर यांना घुमटाचे अमेरिकी एकस्व (पेटंट) 1954 मध्ये मिळाले आणि त्याच वर्षी मिलान येथील त्रैवार्षिक प्रदर्शनात त्यांचे पुठ्ठ्याचे घुमट मांडले गेले. सपाट तक्त्यांतून घुमटाकार कवच उभे राहते, हे त्यांतून दिसले, हे खरे. परंतु घुमटात भार दांड्यांच्या किंवा कडांच्या जाळ्यातून वाहतो; फोम-फलकात तो दोन पातळ आवरणे आणि मधला गाभा यांतून वाहतो. म्हणून या प्रकाराचे नाते, आवरणेच भार घेतात अशा ताणित-त्वचा फलकांशी अधिक जवळचे मानावे लागते. असे फलक अमेरिकेतील मॅडिसन येथील वनोत्पादन प्रयोगशाळेत 1930 च्या दशकात लाकडी आवरणे वापरून तपासले गेले. फोमचा गाभा त्यांत पुढे आला. दुसरा धागा घडीफलक रचनेचा आहे. 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियातील स्थलांतरित शेतमजुरांसाठी कागदी आवरणाच्या पॉलियुरेथेन तक्त्यांची घडी होणारी घरे वापरली गेली. सपाट तक्ता, फोमचा गाभा आणि घडीतून येणारा ताठपणा या तिन्ही गोष्टी तेथे प्रथमच निवाऱ्यासाठी एकत्र आल्याचे दिसते. 1970 मध्ये तुर्कस्तानातील गेदिझ येथे आणि 1972 च्या अखेरच्या भूकंपानंतर निकाराग्वात उभारलेले पॉलियुरेथेनचे घुमट कधी कधी याच परंपरेत गणले जातात. मात्र ते साच्यावर फोम फवारून बनवलेले होते, त्यांत फलक नव्हता आणि सांधाही नव्हता.

आज सर्वांत प्रसृत असलेला आराखडा हेक्सायुर्ट हा होय. विनय गुप्ता यांनी तो 2002 च्या सुमारास मांडला आणि कोणालाही वापरता यावा म्हणून खुला ठेवला. नेव्हाडातील ब्लॅक रॉक वाळवंटात भरणाऱ्या बर्निंग मॅन मेळाव्यात तो रुजला. दिवसाचे ऊन, रात्रीची थंडी, बारीक क्षारयुक्त धूळ आणि सोसाट्याचा वारा यांत त्याचे बहुतेक सांधकाम घासूनपुसून तयार झाले. खाली दिलेले तपशील प्रामुख्याने याच आराखड्याचे आहेत.

सामग्री : तीन प्रकारचे फोम वापरात आहेत. अॅल्युमिनियम वर्खाचे पॉलिआयसोसायन्युरेट, थोडक्यात पॉलिआयसो, याची औष्णिक संवाहकता (ती जितकी कमी, तितका उष्णतारोध अधिक) सुमारे 0.022–0.026 वॉट/मी.-केल्विन असते. कडक थंडीत मात्र त्याचा रोध कमी होतो. निष्कासित पॉलिस्टायरीन (0.029–0.034) ओल कमी शोषते आणि दाब अधिक सोसते, परंतु 75° से.च्या आसपास मऊ पडू लागते, म्हणून उन्हात त्याला गडद रंग देऊ नये. थर्माकोल या नावाने परिचित असलेले प्रसारित पॉलिस्टायरीन (0.033–0.040) सर्वांत सहज मिळते, पण त्याचे मणी सुटतात आणि आवरण नसल्यास चिकटपट्टी मण्यांसकट उपटून येते. केवळ चिकटपट्टीवर उभ्या राहणाऱ्या निवाऱ्याला वर्खाचे पॉलिआयसोच घ्यावे. पॉलिस्टायरीन घ्यायचे तर त्यावर कापड आणि गोंद यांचे आवरण हवेच.

नेहमीची जाडी 25 मिमी. वाकण्याला होणारा विरोध दोन आवरणांमधील अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे 50 मिमी.चा तक्ता जवळपास चौपट ताठ होतो. तरीही नवख्याने जाडी वाढवण्याआधी सांध्याकडे पाहावे. जाड तक्त्याचा सांधा नीट जमवणे अवघड असते.

भूमिती : मूळ आराखड्याला 8 × 4 फुटी (2.44 × 1.22 मी.) 12 तक्ते लागतात आणि कापकामात काहीही वाया जात नाही. सहा तक्ते लांब कडेवर उभे करून 4 फूट उंचीची षट्कोनी भिंत होते. उरलेले सहा कर्णावर कापून 12 काटकोन त्रिकोण मिळतात. दोन-दोन त्रिकोण 8 फुटी बाजूंनी जोडले की 8 फूट पाया आणि 8 फूट उंची असलेले सहा समद्विभुज त्रिकोण होतात, हेच छप्पर. षट्कोनाच्या केंद्रापासून बाजूचे अंतर 6.93 फूट येते, म्हणून छप्पर बरोबर 4 फूट चढते. शिखराची उंची 8 फूट, छपराचा उतार 30° आणि जमिनीचे क्षेत्रफळ सुमारे 166 चौ. फूट (15.4 चौ. मी.) भरते.

प्रत्येक छत-त्रिकोणाचा शिरोकोन 53.13° असतो. सहाही त्रिकोण जमिनीवर पंख्यासारखे मांडले की 318.8° भरतात आणि 41.2° ची फट राहते. ही फट ओढून बंद केली की शंकू आपोआप उचलला जातो. फट बंद करताना जोर लागत असेल किंवा शिखराशी भोक राहत असेल, तर कर्णाचा काप चुकला आहे असे समजावे. पट्टी ताणून ते झाकू नये.

कर्णाच्या कापात एक चकवा आहे. एका तक्त्यातून निघणारे दोन त्रिकोण परस्परांचे आरशातील प्रतिबिंब नसतात. ते 8 फुटी बाजूने जोडायचे तर एक पालथा घालावा लागतो. मग अर्ध्या छपरावर चकचकीत वर्ख आणि अर्ध्यावर छापील बाजू येते. तिरप्या कडा आधीच कापल्या असतील तर त्याही उलट होतात. उपाय सोपा आहे : तीन तक्ते एका कर्णावर आणि तीन दुसऱ्या कर्णावर कापावेत, आणि जोड्या दोन गटांतून एकेक त्रिकोण घेऊन लावाव्यात.

कडा सरळ ठेवल्या आणि आतल्या कोपऱ्यांत तक्ते टेकवले, तर भिंतीच्या 120° कोपऱ्यात बाहेर तक्त्याच्या जाडीइतकी, म्हणजे 25 मिमी.ची खाच राहते. भिंत आणि छप्पर यांमधील वळचणीचा कोनही 120° असल्याने तेथेही तेवढीच खाच पडते. छपराच्या दोन पाखांमधील कोन 151° असतो, तेथे ती जेमतेम 12–13 मिमी. असते. म्हणून छपराच्या कडा सरळ ठेवल्या तरी चालते. भिंतीच्या कोपऱ्यांना आणि वळचणीला मात्र 30° ची तिरपी कड द्यावी. खाचेवरून नेलेली पट्टी अधांतरी राहते आणि वाऱ्याने तक्ता हलला की तेथेच फाटते.

कापणे : लांब पात्याच्या कटरने आधी एका बाजूचा वर्ख, मग दुसऱ्या बाजूचा वर्ख आणि शेवटी गाभा कापावा. एकाच दमात कापल्यास खालचा वर्ख फाटतो. पाते बोथट होताच बदलावे. यांत्रिक करवतीने काम लवकर होते, पण धूळ फार उडते. नाकातोंडावर धूळरोधक मुखपट्टी हवी. तप्त तारेने फक्त पॉलिस्टायरीन कापावे, तेही उघड्यावर; पॉलिआयसो तारेने कापल्यास विषारी वायू सुटतात. काप झाल्याबरोबर प्रत्येक उघडी कड पट्टीने मढवावी. हे काम कंटाळवाणे खरे, पण गाभ्यात पाणी जाणे, कड चुरणे आणि आवरण सुटणे या तिन्ही गोष्टी त्यानेच टळतात.

सांधे : दोन्ही दिशांना काचतंतू असलेली, 15 सेंमी. रुंदीची चिकटपट्टी वापरतात. एकाच दिशेने तंतू असलेली पट्टी लांबीच्या दिशेत उभी चिरत जाते. कापडी डक्ट टेप उष्णतेने सरकते. दुपारच्या उन्हात ती हळूहळू घसरते आणि सांधा उघडा पडतो. वर्खाची पट्टी पाणी अडवते, पण ताण घेत नाही.

पट्टीच्या लांबीची मोजणी अशी : भिंतीचे कोपरे 24 फूट, वळचण 48, छपराच्या तिरप्या कडा सुमारे 54 आणि छत-त्रिकोणांचे मधले जोड 48, एकूण 174 फूट. आतून आणि बाहेरून मिळून सुमारे 350 फूट, म्हणजे 106 मी. 55 मी.ची दोन गुंडाळी यात संपतात. कडा आणि दोरांच्या जागा यांसाठी तिसरे घ्यावे. फक्त बाहेरून पट्टी लावलेला सांधा बिजागरीसारखा आत वळतो, म्हणून आतली पट्टी टाळू नये.

पट्टी दाबाने चिकटते. वर्ख आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करावा, पट्टी मध्यापासून कडेकडे रोलरने दाबावी आणि 10° से.च्या खाली काम करू नये. पट्टी ताणून लावल्यास ती आखडते आणि टोके उचलतात. पट्ट्या कौलांप्रमाणे खालून वर लावाव्यात, म्हणजे वरची पट्टी खालचीवर येते आणि ओघळ आत शिरत नाही. सूर्याच्या अतिनील किरणांनी चिकटद्रव्य काही महिन्यांत ठिसूळ होते. दीर्घ वापरासाठी पट्ट्यांवर रंग द्यावा.

उभारणी : मध्यभागी खुंटी ठोकून 8 फुटी दोराने वर्तुळ आखावे. षट्कोनाची बाजू त्रिज्येइतकीच असल्याने त्याच दोराने परिघावर सहा खुणा मिळतात. जागा सपाट हवी. एक कोपरा दोन-तीन सेंमी. खाली असला तरी वळचणीत फट पडते. प्रथम भिंतीचे कडे पुरे करावे. छप्पर शेजारी जमिनीवर जोडून, आतबाहेर पट्ट्या लावून, सहा जणांनी सहा कोपरे धरून उचलावे आणि भिंतीवर ठेवावे. त्याचे वजन 25 किग्रॅ.च्या आतच असते, पण वाऱ्यात ते हातांतून निसटते. म्हणून हे काम पहाटे उरकावे. छप्पर बसले की वळचणीची पट्टी अखंड फिरवावी. छपराचा भार भिंतींना बाहेर ढकलतो आणि तो ढकल हे पट्टीचे कडेच सोसते. खऱ्या युर्टमध्ये, म्हणजे मध्य आशियातील भटक्यांच्या गोल तंबूत, जाळीच्या भिंतीभोवती आवळलेला पट्टा हेच काम करतो.

वारा आणि बांधणी : येथे सर्वाधिक निवारे गमावले जातात. संपूर्ण निवाऱ्याचे वजन 40–50 किग्रॅ. असते. ताशी 72 किमी. (20 मी./सेकंद) वाऱ्याचा दाब सुमारे 245 पास्काल, म्हणजे दर चौ. मी.ला 25 किग्रॅ. भरतो. भिंतीच्या एका तक्त्यावर त्यामुळे 74 किग्रॅ.चा रेटा येतो. छपरावरील उचल-गुणांक (वाऱ्याच्या दाबाचा छप्पर वर ओढणारा हिस्सा) 0.6 धरला तरी 230 किग्रॅ.ची उचल होते. वेग दुप्पट झाला की हे आकडे चौपट होतात. वाऱ्याकडचे दार उघडे राहिल्यास आतला दाबही छप्पर उचलू लागतो.

सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे शिखराभोवती 60–90 सेंमी. व्यासाचे दोराचे कडे ठेवून त्यातून सहा दोर तिरप्या कडांवरून जमिनीपर्यंत नेणे. ओढ अशा वेळी तक्त्यांना दाबून धरते, उपटत नाही. दोर वळचणीवर टेकतो तेथे पट्टीचे चार-पाच थर किंवा जाड कापड द्यावे, अन्यथा दोर फोम करवतीसारखा कापत जातो. तक्त्याला भोक पाडून दोर ओवणे सर्वस्वी चूक आहे. बहुतेक भार वाऱ्याकडच्या दोन-तीन दोरांवर येत असल्याने प्रत्येक मेख 100–150 किग्रॅ. ओढ सहन करील अशी हवी. घट्ट जमिनीत 12 मिमी. जाडीची, 60 सेंमी. लांबीची सळई डोके निवाऱ्यापासून दूर झुकवून ठोकावी आणि टोकाला टोपण बसवावे. भुसभुशीत वाळूत मेख टिकत नाही. वाळू भरलेले पोते अर्धा मीटर खोल पुरून त्याला दोर बांधावा. पहिल्या रात्रीनंतर दोर सैल होतात, ते पुन्हा ताणावे लागतात.

दारे आणि झरोके : दार भिंतीच्या तक्त्यातच, चारही बाजूंना 15–20 सेंमी. कड राखून, वाऱ्याच्या आडोशाला कापावे. कोपरे गोल ठेवावेत. काटकोनातून चीर पुढे जाते. छपराला भोक पाडू नये. समोरासमोर दोन झरोके अनिवार्य आहेत. वर्खातून बाष्प बाहेर पडत नाही. झोपलेला माणूस तासाला सुमारे 40 ग्रॅम बाष्प सोडतो. दोघांच्या आठ तासांच्या झोपेत 600 ग्रॅमहून अधिक पाणी आत साचते आणि पहाटे वर्खावरून ठिबकते.

उष्णता : भिंती आणि छप्पर मिळून सुमारे 36 चौ. मी. पृष्ठ होते. 25 मिमी. पॉलिआयसोतून दर अंश फरकाला सुमारे 30 वॉट उष्णता जाते. दोन माणसांची 200 वॉट उष्णता आतले तापमान बाहेरच्यापेक्षा पाच-सहा अंश वर ठेवू शकते. हवा खेळती ठेवल्यास त्याहून कमी. वर्खाचा परावर्तक गुण धूळ बसली की घटतो.

आग : हा या प्रकाराचा खरा धोका. पॉलिस्टायरीन वितळून जळते थेंब टाकते. पॉलिआयसो कोळशासारखे काळवंडते आणि आग सावकाश पसरवते, पण दोहोंच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि पॉलिआयसोच्या धुरात हायड्रोजन सायनाइडही. आत चूल, मेणबत्ती किंवा शेगडी वापरू नये. कायम वस्तीच्या इमारतींत अमेरिकी बांधकाम संहिता फोमवर साधारण 12.5 मिमी. जिप्समचे आवरण मागतात. ते येथे बसत नाही, म्हणून हा निवारा तात्पुरताच समजावा. दाराखेरीज निसटण्याची दुसरी वाट, उदाहरणार्थ आतून लाथेने निघेल असा झरोक्याचा तक्ता, ठेवणे इष्ट.

पाऊस आणि बर्फ : जमिनीवरची ताडपत्री भिंतीबाहेर राहू देऊ नये, पाणी तिच्यावरून आत येते. ती आत दुमडून भिंतीवर 10 सेंमी. चढवावी. दीर्घ काळ राहिलेल्या बर्फाच्या भाराने फोम हळूहळू कायमचा वाकतो; बर्फ रोज झटकावे.

कापड-आवरित प्रकार : ओढगाड्यांसाठी पॉलिस्टायरीनचे तक्ते गोंदाने जोडून, त्यांवर सुती कॅनव्हास जलरोधक लाकूड-गोंदात भिजवून चिकटवतात आणि वर रंगाचे थर देतात. पॉलिएस्टर रेझिन किंवा विद्रावकयुक्त गोंद पॉलिस्टायरीन विरघळवतात, इपॉक्सी चालते. जपानमधील आसो येथे 175 मिमी. जाडीच्या प्रसारित पॉलिस्टायरीनच्या खंडांचे घुमट मुक्कामासाठी वापरात आहेत. ते मात्र कारखान्यात घडवलेले असतात.

घडी आणि साठवण : पुन्हा वापरायचा निवारा काही सांधे पट्टीच्या बिजागरीसारखे ठेवून घडी करतात, बिजागरीत तक्त्याच्या दुप्पट जाडीएवढी जागा सोडली नाही तर घडी मिटत नाही आणि पट्टी उखडते. उरलेले सांधे पट्टी चिरून सोडावेत, ओढून काढू नयेत. पट्टीबरोबर वर्ख निघतो. तक्ते सपाट, सावलीत आणि उंदरांपासून दूर ठेवावेत. चुरा वाऱ्यावर पसरतो आणि कुजत नाही, म्हणून कापकाम ताडपत्रीवर करून तो पिशवीत गोळा करावा.