भिंत विणता येते

काटक्या उभ्या रोवायच्या, त्यांच्यामधून लवचीक फांद्या आत-बाहेर ओवायच्या, वरून माती लिंपायची. झाला कूड! आता ही भिंत बांधली म्हणायची की विणली? ताणा-बाणा, म्हणजे विणीतले उभे-आडवे धागे, तर समोर दिसतोय. जर्मन वास्तुतज्ज्ञ गॉटफ्रीड झेम्पर यांनी १८५१ मध्ये मांडलं ते हेच: आडोशाचं मूळ विणलेल्या चटईत आहे. जर्मनमध्ये भिंत म्हणजे ‘वांट’ आणि पोशाख म्हणजे ‘गेवांट’, हाही त्यांचा आवडता दाखला. शब्दांच्या नात्यावरून इतिहास सिद्ध होत नाही म्हणा, पण धागा आणि इमारत यांचं गणित खरोखरच जुळतं.

धागा ओढ सोसतो, दाब नाही. दाबला की दुमडतो. म्हणून कापडी छपराचा प्रत्येक धागा कायम ताणलेला हवा. सपाट ताणलेलं कापड वाऱ्यात फडफडतं, पावसात त्याला झोळ पडतो. उपाय खोगिराच्या आकारात आहे: एका दिशेने खाली झोकलेला, दुसऱ्या दिशेने वर कमानलेला. वरून भार आला की झोकातले धागे तो पेलतात. वारा छप्पर उचलू लागला की कमानीतले धागे त्याला खाली धरतात. जर्मन वास्तुतज्ज्ञ फ्राय ओटो असे आकार साबणाच्या पातळ पडद्यांवरून शोधत. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या छतात कापड नाही, पोलादी दोरांचं जाळं आहे. तर्क मात्र तोच.

खरी गंमत विणीत आहे. मागावर ताणा ओढून धरलेला असतो, म्हणून तो बराचसा सरळ राहतो आणि बाणा नागमोडी जातो. साहजिकच कापड बाण्याच्या दिशेने जास्त ताणलं जातं. त्यातही एकीकडची ओढ वाढली की तिथली नागमोड दुसऱ्या दिशेच्या धाग्यांत शिरते. त्यामुळे छपराचं कापड दोन्ही दिशांनी एकदम ओढून तपासतात आणि मापापेक्षा थोडं लहानच बेततात. आटणारं कापड वाढीव घेणाऱ्या शिंप्याच्या अगदी उलट.

स्वेटरसारख्या टाक्यांच्या विणीत तर न कापता हवा तो बाक आणता येतो. २०१८ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाने आणि झाहा हदीद आर्किटेक्ट्सने मेक्सिको सिटीत उभारलेल्या काँक्रीटच्या कवचाचा साचा यंत्रावर ३६ तासांत विणला होता. वजन सुमारे २५ किलो, प्रवास सुटकेसमधून. तिथे तो ताणला, सिमेंटचा पातळ थर देऊन कडक केला आणि वर काँक्रीट चढवलं. कवच भरलं ५ टनांहून जास्त. कापड काढलं नाही. ते आतच राहिलं, कुडातल्या काटक्यांसारखं.