१०८ फक्त अपघाताला?

रावेर-यावलकडे अजून ऐकू येतं: १०८ची रुग्णवाहिका अपघाताला नि बाळंतपणाला, म्हाताऱ्यांसाठी खाजगी गाडी बघा. साफ चूक. राज्यात २०१४पासून असलेली ही सेवा मोफत आहे, वयाची अट नाही, गाडीसोबत डॉक्टर येतो. (गरोदर बायांसाठी १०२ वेगळा, गोंधळ बहुधा तिथलाच.)

खरा घोळ पुढे आहे. उतारवयात हार्ट अटॅकला छातीत दुखेलच असं नाही. नुसता दम, घाम, मळमळ, कधी अचानक असंबद्ध बडबड. घरचे म्हणतात, ‘सकायले दखू’ (सकाळी बघू). लकव्याचंही तेच: तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. रावेरहून जळगाव गाठण्यातच त्यातला तास-दीड तास जातो.