शस्त्रक्रिया तंत्रज्ञांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण

शस्त्रक्रियेच्या वेळी निर्जंतुक पोशाखात शल्यचिकित्सकाशेजारी उभे राहून उपकरणे मांडणे, ती वेळच्या वेळी हातात देणे, गॉज, सुया व उपकरणे यांची मोजदाद ठेवणे आणि निर्जंतुक क्षेत्राचे रक्षण करणे ही शस्त्रक्रिया तंत्रज्ञाची मुख्य कामे होत. ती वर्गात समजावून देता येतात, परंतु अंगवळणी पडतात ती शस्त्रक्रियागृहातच. म्हणून या व्यवसायाच्या शिक्षणक्रमात रुग्णालयातील देखरेखीखालच्या कामाला मध्यवर्ती स्थान आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हे प्रशिक्षण काटेकोरपणे बांधले गेले असल्याने पुढील विवेचन प्रामुख्याने तेथील पद्धतीचे आहे. भारतातील पद्धत काहीशी वेगळी असून तिचा विचार शेवटी केला आहे.

दुसऱ्या महायुद्धात परिचारिकांचा तुटवडा पडला, तेव्हा अमेरिकी सैन्याने वैद्यकीय सेवेतील जवानांना शस्त्रक्रियागृहातील कामासाठी तयार केले आणि युद्धानंतर रुग्णालयांनीही हीच वाट धरली. सुरुवातीला हे शिक्षण रुग्णालयागणिक वेगळे होते. 1969 मध्ये या तंत्रज्ञांची संघटना स्थापन झाली, 1970 मध्ये पहिली प्रमाणन परीक्षा झाली आणि 1973 मध्ये संघटना परिचारिकांच्या मूळ संस्थेपासून वेगळी झाली. पुढे 1978 मध्ये ती असोसिएशन ऑफ सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट्स या नावाने ओळखली जाऊ लागली. शिक्षणसंस्थांसाठीचा मूलभूत अभ्यासक्रम हीच संघटना प्रसिद्ध करते.

विद्यार्थ्याला रुग्णालयात पाठवण्यापूर्वी संस्थेतील नमुना शस्त्रक्रियागृहात सराव करून घेतला जातो. बोटांच्या टोकांपासून कोपरांपर्यंत हात धुणे, पाणी कोपरांकडे ओघळेल असे हात वर धरणे, गाऊनच्या बाहीतून बोटे बाहेर न काढता हातमोजे चढवणे, निर्जंतुक चादरी अंथरणे हे सारे येथे पुन्हा पुन्हा करावे लागते. गाऊनचा पुढचा भाग छातीपासून टेबलाच्या पातळीपर्यंतच निर्जंतुक मानला जातो आणि पाठ कधीच निर्जंतुक धरली जात नाही. त्यामुळे हात सदैव समोर आणि कमरेच्या वर ठेवण्याची सवय लावून घ्यावी लागते. (हे वाटते त्याहून अवघड असते, कारण थकलेले हात आपोआप खाली येतात.)

रुग्णालयातील प्रशिक्षणाचे मोजमाप तासांपेक्षा शस्त्रक्रियांच्या संख्येने होते. मूलभूत अभ्यासक्रमाच्या सहाव्या आवृत्तीनुसार विद्यार्थ्याने किमान 120 शस्त्रक्रियांत भाग घ्यावा लागतो. त्यांपैकी 30 सामान्य शल्यचिकित्सेतील असतात व त्यांतल्या 20 मध्ये विद्यार्थ्याने ‘प्रथम भूमिका’ (फर्स्ट स्क्रब) निभावलेली असावी लागते. उरलेल्या 90 अस्थिशल्य, स्त्रीरोग, मूत्रमार्ग, नेत्र, मज्जाशल्य अशा विशेष शाखांतील असून त्यांतल्या 60 प्रथम भूमिकेतील असाव्या लागतात.

या व्यवस्थेचे खरे मर्म प्रथम भूमिकेच्या व्याख्येत आहे. साहित्य व यंत्रे तपासणे, निर्जंतुक टेबल उपकरणे व औषधांसह मांडणे, मोजदाद करणे, शस्त्रक्रिया चालू असताना उपकरणे हातात देणे आणि निर्जंतुकतेचे नियम पाळणे या पाचही गोष्टी विद्यार्थ्याने स्वतः केल्या, तरच ती शस्त्रक्रिया प्रथम भूमिकेत धरली जाते. एक जरी राहिली तरी नोंद दुय्यम भूमिकेत किंवा निरीक्षणात जाते आणि निव्वळ निरीक्षणाला या 120 मध्ये स्थान नाही. हा नियम कडक वाटला तरी योग्यच म्हटला पाहिजे. चार तास भिंतीलगत उभे राहिलेला आणि चार तास मेयो ट्रॉली (हाताशी लागणाऱ्या उपकरणांची ट्रॉली) सांभाळलेला असे दोन विद्यार्थी हजेरीपुस्तकात सारखेच दिसतात. त्यांच्यातला फरक नोंदवहीत उमटावा, यासाठीच ही व्याख्या आहे.

मोजदाद हा प्रशिक्षणातील सर्वांत गंभीर भाग होय. छेद घेण्यापूर्वी, पोकळी बंद करण्यापूर्वी आणि त्वचेला टाके घालताना गॉज, मॉप, सुया व पाती मोजली जातात. मध्येच कर्मचारी बदलल्यासही मोजणी पुन्हा होते. तंत्रज्ञ व निर्जंतुक क्षेत्राबाहेरील फिरती परिचारिका या दोघांनी एकाच वेळी, प्रत्येक वस्तू डोळ्यांनी पाहत आणि मोठ्याने मोजायचे असते. रुग्णाच्या शरीरात वापरल्या जाणाऱ्या गॉजमध्ये क्ष-किरणांत दिसणारा धागा विणलेला असतो, कारण मोजणी जुळली नाही व शोधूनही वस्तू सापडली नाही, तर क्ष-किरण चित्र काढावे लागते. मोजणी जुळत नसल्याचे शल्यचिकित्सकाला थांबवून सांगण्याचे धैर्य नवख्या विद्यार्थ्यात सहजी येत नाही. ते अंगी बाणवणे हे मार्गदर्शकाचे काम मानले जाते.

उपकरण देण्याच्या कलेतही बारकावे पुष्कळ आहेत. आर्टरी फोर्सेप (रक्तवाहिनी पकडण्याचा चिमटा) तळहातावर ठामपणे ठेवावा लागतो, म्हणजे शल्यचिकित्सकाला जखमेवरची नजर हलवावी लागत नाही. वक्र उपकरणाची दिशा वापरायच्या स्थितीतच असावी लागते. टाक्याची सुई नीडल होल्डरमध्ये साधारणपणे धाग्याकडील एक तृतीयांश अंतरावर पकडतात आणि डावखुऱ्या शल्यचिकित्सकासाठी ती उलट लावतात. पाते लावलेला चाकू मात्र शक्यतो हातोहात न देता ट्रेमध्ये किंवा टेबलावरील ठरलेल्या जागी ठेवून द्यावा, असे शिकवले जाते. त्यामुळे कापले जाण्याचा व रक्तातून पसरणाऱ्या संसर्गाचा धोका कमी होतो. सलाइन, भूल देणारे लिग्नोकेन आणि रक्त गोठू न देणारे हेपॅरिन ही तिन्ही द्रव्ये वाटीत पाण्यासारखीच दिसतात. म्हणून वाटी भरताक्षणी तिच्यावर नाव व तीव्रता लिहिण्याचा नियम विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून लागू असतो.

प्रत्येक विद्यार्थ्यामागे अनुभवी तंत्रज्ञ किंवा परिचारिका मार्गदर्शक म्हणून उभी असते. आरंभी मार्गदर्शक काम करते व विद्यार्थी हात देतो, पुढे ही बाजू उलटते आणि शेवटी मार्गदर्शक केवळ लक्ष ठेवते. विद्यार्थ्याला कर्मचाऱ्याच्या जागी वापरू नये, असे मान्यताप्राप्त शिक्षणक्रमांवर बंधन आहे. मनुष्यबळ कमी पडणाऱ्या रुग्णालयांना या बंधनाची आठवण वारंवार करून द्यावी लागते.

भारतात या कामाची विभागणी निराळी आहे. येथे शल्यचिकित्सकाशेजारी उभे राहून उपकरणे देण्याचे काम बहुधा परिचारिका करते. ‘ओटी टेक्निशियन’ म्हणून ओळखला जाणारा तंत्रज्ञ मुख्यतः भूलतज्ज्ञाच्या बाजूला असतो. भूल देण्याचे यंत्र व प्राणवायूचा पुरवठा तपासणे, लॅरिंगोस्कोप (घशात पाहण्याचे उपकरण) व श्वासनलिकेत घालायच्या नळ्या मांडणे, कॉटरीची (विजेने रक्तस्राव थांबवणाऱ्या यंत्राची) प्लेट लावणे आणि ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुकीकरण करणारे यंत्र) चालवणे ही त्याची रोजची कामे आहेत. रुग्णाला टेबलावर योग्य स्थितीत ठेवणे हेही त्याच्याकडे असते. पसरलेला हात खांद्यापासून 90 अंशांपलीकडे गेल्यास मज्जातंतूंना इजा होऊ शकते, यासारख्या गोष्टी त्याला येथेच शिकाव्या लागतात.

महाराष्ट्रात नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परावैद्यकीय तंत्रज्ञान पदवीत शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ ही शाखा असून 3 वर्षांच्या अभ्यासानंतर 1 वर्षाची आंतरवासिता करावी लागते. पदविका व प्रमाणपत्र पातळीवरील शिक्षणक्रमही चालतात. तालुक्याच्या ठिकाणच्या लहान खासगी रुग्णालयांत मात्र जुन्या सहायकाच्या हाताखाली राहून हे काम शिकलेली माणसे बरीच आढळतात. त्यांतील अनेकांचा हात वाखाणण्यासारखा असला, तरी निर्जंतुकीकरणामागील कारणे त्यांना कोणी समजावून सांगितलेली नसतात. 2021 च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने शस्त्रक्रिया व भूलशास्त्राशी संबंधित तंत्रज्ञांना मान्यताप्राप्त व्यवसायगटात स्थान दिले आणि त्यांच्या शिक्षणाचे किमान निकष ठरवण्याचे व नोंदणीचे काम कायद्याच्या चौकटीत आणले.