ली मार्विन कोणता आणि ली व्हॅन क्लीफ कोणता?

जुन्या वेस्टर्न, म्हणजे काउबॉय-बंदुकांच्या, पिक्चरमधल्या नटांची यादी करायला घेतली होती, साधी एक्सेल शीट, एका कॉलममध्ये नाव, दुसऱ्यात पिक्चर, तिसऱ्यात साल. जॉन वेन, जेम्स स्टुअर्ट, गॅरी कूपर, हेन्री फोंडा ही मंडळी पाच मिनिटांत भरून झाली, त्यांना कोण चुकतंय. अडलं ते व्हिलन लोकांपाशी, आणि तिथे सगळ्यात जास्त घोळ घातला दोन लींनी. मी स्वतः व्हॅन क्लीफचे तीन पिक्चर मार्विनच्या नावावर टाकले होते आणि दोन दिवस मला पत्ताच नाही.

घोळ व्हायला कारणंही आहेत म्हणा. दोघं उंच, दोघांचा चेहरा असा की समोर आला तर आपण गपचूप रस्ता बदलू, वयात जेमतेम अकरा महिन्यांचं अंतर (मार्विन फेब्रुवारी १९२४, व्हॅन क्लीफ जानेवारी १९२५), दोघंही दुसऱ्या महायुद्धात होते, मार्विन अमेरिकी मरीनमध्ये आणि पॅसिफिकमधल्या सायपान बेटावर जखमी झालेला, व्हॅन क्लीफ नेव्हीत. नंतर दोघंही पन्नाशीच्या दशकात हॉलिवूडमध्ये हिरोच्या हातून मरायची कामं करत होते. आणि कहर म्हणजे १९६२ च्या 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स'मध्ये दोघं एकाच टोळीत! तिथे एकदा नीट बघून घ्या, पुढे चुकणार नाही. हातात चाबूक घेऊन सगळ्या गावाला वेठीस धरणारा, ज्याच्या नावावर पिक्चर आहे तो लिबर्टी व्हॅलन्स म्हणजे मार्विन. त्याच्या मागे उभा राहून फारसं न बोलणारा रीस म्हणजे व्हॅन क्लीफ. (तिसरा तो खिदळणारा, तो स्ट्रदर मार्टिन, त्याचीही एक ओळ यादीत करा, बिचारा कायम राहून जातो.) गंमत म्हणजे आदल्याच वर्षी हे तिघंही 'ट्वायलाइट झोन'च्या एका वेस्टर्न एपिसोडमध्ये एकत्र होते, पण ती टीव्ही मालिका, पिक्चरच्या यादीत घुसवू नका, मी घुसवली होती.

आता ओळखायचं कसं. मार्विनचा आवाज. खोल, खरखरीत, आणि माणूस पडद्यावर गप्प बसत नाही, वाकतो, हसतो, उगाच कुणाची तरी कळ काढतो. केस लवकर पांढरे झालेले. व्हॅन क्लीफ बरोबर उलटा, तो काहीच करत नाही आणि तरी आपलं लक्ष त्याच्यावरच. बारीक डोळे, घारीसारखं नाक, डोक्यावरचं टक्कल हॅटखाली. १९५२ च्या 'हाय नून'मध्ये, म्हणजे पहिल्याच पिक्चरमध्ये, त्याला एकही डायलॉग नाही, पण पिक्चर उघडतो तो त्याच्यावरच. अजून एक पक्की खूण, उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक नाहीये. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'च्या शेवटी स्मशानातल्या त्या तिघांच्या सामन्यात हाताचे क्लोजअप येतात तिथे ते स्पष्ट दिसतं.

खरी वाट फुटते १९६५ ला. इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेला 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'मधल्या कर्नल मॉर्टिमरसाठी आधी मार्विन हवा होता, पण मार्विनने 'कॅट बलू' घेतला. मग तो रोल गेला व्हॅन क्लीफकडे, ज्याचा १९५८ ला कार अपघातात गुडघा गेलेला, घोड्यावर बसणं अवघड, कामं आटलेली आणि माणूस चित्रं रंगवत बसलेला. म्हणजे बघा, एका लीने जो रोल सोडला त्यावर दुसऱ्याचं अख्खं करिअर उभं राहिलं, आणि सोडणाऱ्याचंही काही बिघडलं नाही, 'कॅट बलू'साठी त्याला ऑस्कर मिळालं! डबल रोल होता, एक दारुडा नेमबाज आणि एक चांदीच्या नाकाचा खुनी, त्यामुळे यादीत 'भूमिका' असा कॉलम असेल तर दोन्ही लिहा.

त्यानंतर मार्विन हॉलिवूडमध्येच राहिला, 'द प्रोफेशनल्स' (१९६६), 'पेंट युवर वॅगन' (१९६९, यात चक्क गातो), 'माँटी वॉल्श' (१९७०). व्हॅन क्लीफ मात्र इटलीवाल्यांचा झाला. 'डेथ राइड्स अ हॉर्स', 'सबाटा' वगैरे, इटालियन कंपन्यांनी काढलेले, शूटिंग बऱ्याचदा स्पेनमध्ये, म्हणजे ज्याला स्पॅगेटी वेस्टर्न म्हणतात ते. इथे यादीवाल्याने आधीच ठरवायला हवं. तुम्ही 'क्लासिक' म्हणजे फक्त हॉलिवूडचे धरले तर व्हॅन क्लीफच्या वाट्याला बहुतेक टोळीतल्या बारक्या भूमिकाच उरतात आणि वाचणाऱ्याला वाटेल हा कोण एक्स्ट्रा. माझ्या मते हे बरोबर नाही, मी सरळ एक कॉलम वाढवला, हॉलिवूड की इटली, आणि दोन्ही ठेवले.

बाकी किरकोळ. 'मॅकेनाज गोल्ड' आपल्याकडे तुफान चाललेला, त्यात ली दिसला की हे दोघं समजू नका, तो ली जे. कॉब, तिसराच. आणि आडनावाप्रमाणे सॉर्ट करताना व्हॅन क्लीफ हा 'व'मध्ये जातो कारण व्हॅन हा आडनावाचाच भाग आहे, पण 'शेन'मधला शेतकरी व्हॅन हेफ्लिन 'ह'मध्ये, त्याचं व्हॅन हे पहिलं नाव. एक्सेलला हे कळत नाही, हाताने करावं लागतं.